हाकेला ओ

मी ध्वनिमुद्रक आहे. म्हणजे इतर लोक ज्या जागेबद्दल ‘तिथे काहीच नव्हतं’ म्हणून सांगतात, तिथलं ते काहीच मी टेप करून आणतो. जगात बहुतेकांचं पोट हातावर असतं, माझं कानांवर आहे.

आमच्या ध्वनिसंग्रहालयात ‘शांततेचं दालन’ उघडायचं ठरलं. लोक येणार, मोबाईल बाहेर जमा करणार, गुबगुबीत खुर्चीत बसून जिथे माणसं नाहीत अशी जागा तासभर ऐकणार, आणि बाहेर आल्याबरोबर मोबाईल परत घेऊन कुणाला तरी सांगणार, की काय शांत वाटलं म्हणून सांगू! त्यासाठी लागणारी शांतता आणण्याचं काम माझ्याकडे आलं.

“सलग एक तास,” संचालक मॅडम म्हणाल्या. “तुकडे जोडलेले मला कळतात. आणि माणसाचा आवाज नको. खोकलासुद्धा नको. नाही जमलं तर तसं सांगा, संगणक विभागाने एक शांतता तयार करून ठेवलीच आहे.”

संगणक विभाग म्हणजे माझ्या जागी येऊ घातलेला विभाग. कानामागून आला आणि तिखट झाला, ही म्हण मी त्याच्याइतकी दुसऱ्या कुणालाही शोभताना पाहिलेली नाही.

या कामाला मी योग्य माणूस होतो. शांततेचा मला घरचा अनुभव होता. आमच्या घरातलं बोलणं इतकं हळूहळू कमी झालं, की ते नेमकं कधी थांबलं हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. मग बायको बहिणीकडे राहायला गेली. फरक एवढाच पडला, की फ्रिजचा आवाज मोठा वाटू लागला. भिंतीपलीकडच्या शेजारीणबाई अधूनमधून बेल वाजवतात. “तुमच्याकडून काही म्हणजे काही ऐकू येत नाही हो,” त्या म्हणतात. “म्हटलं आहात ना, बघावं.” मी “आहे” म्हणतो. “मग ठीक,” म्हणून त्या जातात.

शांतता आणायला मी निवडलेलं बेट लहान होतं. एका टोकाला उभं राहून शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस दचकेल, एवढं. मध्ये दाट झाडी, कडेला दीपगृह, त्याच्या पायथ्याशी रखवालदाराचं दोन खोल्यांचं घर, आणि पार पलीकडे एक जुनी कोठी. त्या कोठीत माझी सोय होती.

“वर कोण असतं?” मी होडीवाल्याला विचारलं होतं.

“बत्तीवाले काका. तुम्हाला काही त्रास नाही त्यांचा. फार बोलत नाहीत.” होडीवाल्याने माझ्या केसाळ टोपी घातलेल्या माइककडे पाहिलं. “हे मांजर चावतं का?”

बत्तीवाले उंच, किडकिडीत, आणि ज्या बेटावर बघायला कुणी नाही तिथे इस्त्रीचा शर्ट घालणारे गृहस्थ होते. दीपगृहाचा दिवा आता आपोआप लागायचा आणि आपोआप विझायचा. “मग तुम्ही काय करता?” असं मी विचारल्यावर ते म्हणाले, “बघतो. त्याला एकटं वाटायला नको.”

घर खाली करा, असं त्यांच्या कचेरीने कधीच कळवलं होतं. पण आधी त्यांची कंबर धरली होती, मग दाराला रंग द्यायचा राहिला होता, मग समुद्र खवळलेला होता. समुद्र आता शांत होता. नवीन कारण शोधणं चालू असावं.

माइक कुठे लावायचा हा प्रश्न नव्हता. काठावर सगळीकडे लाटा इतर आवाज गिळून टाकत होत्या. बत्तीवाल्यांच्या घरामागच्या झाडीत मात्र लाटांची नुसती गाज उरायची आणि तिच्यावर पाखरांचे आवाज अगदी वेगवेगळे, निवडून ठेवल्यासारखे ऐकू यायचे. पहिल्या सकाळी मी हेडफोन चढवले आणि आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे टेपच्या सुरुवातीला जागेची नोंद बोललो: “घरामागची झाडी. सकाळ. वारा पडलेला. माणूस नाही.”

शिंजीर चिवचिवला. होले घुमायला लागले. दूर कुठेतरी सुतार ठोकत होता, पक्ष्यांतला. मी पोट आवळून बसलो होतो, कारण माझं पोट सकाळी गुरगुरतं आणि तोही माणसाचाच आवाज. निम्मा तास असा निर्मळ गेला.

“अहो!”

बाईचा आवाज. स्वच्छ, जरा वरच्या पट्टीतला. थोडं थांबून पुन्हा, आता शेवट लांबवून: “अहोऽऽ!”

आणि घरातून पुरुषाचं उत्तर, अगदी मवाळ: “ओऽ...”

मी टेप बंद केली. दुसऱ्या दिवशी तेच. अहो, अहोऽ, ओऽ. तिसऱ्या दिवशी शिंजीर, होले, सुतार, अहो, अहोऽ, ओऽ. बायको नवऱ्याला चहाला बोलावते यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही, पण त्यांनी संसार थोडा उशिरा सुरू करावा एवढीच माझी अपेक्षा होती. मी बत्तीवाल्यांना गाठलं. ते ओट्यावर चहा पीत होते.

“एक विनंती होती,” मी म्हणालो. “वहिनी सकाळी हाक मारतात ना...”

त्यांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. “ऐकलीत तुम्ही?”

“ऐकली म्हणजे काय, टेपच झाली. आवाज छान आहे, त्याबद्दल शंकाच नाही. पण तेवढा एक तास हाक नका मारू म्हणावं. वाटलं तर खूण करायची. हात हलवायचा.”

“हात हलवायचा,” ते म्हणाले.

“तासभरच.”

“सांगून बघतो. पण ती माझं कधी ऐकायची नाही.”

कानांवर पोट असलेल्या माणसाने त्या वाक्यातला काळ ऐकायला हवा होता. मी फक्त होकार ऐकला.

सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या सकाळी पुन्हा हाक आली, जरा जास्तच खणखणीत. मी हेडफोन गळ्यात टाकून तरातरा घराकडे निघालो. मध्यस्थ नको, प्रत्यक्ष वहिनींनाच सांगावं, बायकांना कामाचं महत्त्व लवकर कळतं, असं वाक्य तयार करत मी थेट स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

शेगडीवर एका कपाचं पातेलं होतं. मोरीपाशी एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा घातलेला. दाराशी चपलांचा एकच जोड. 

“या,” बत्तीवाले मागून म्हणाले. “दाखवतो.”

त्यांनी मला झाडीत नेलं आणि एका फांदीकडे बोट केलं. कोतवालाच्या जातीतला काळा कुळकुळीत पक्षी होता, शेपटी दुभंगलेली. त्याचं शास्त्रातलं नाव लांबलचक आहे. बत्तीवाले त्याला नकल्या म्हणत. तो शिक्र्यासारखा किंचाळला, तशी बाकीची पाखरं तोंडातले किडे टाकून पळाली. त्याने ते किडे सावकाश खाल्ले. मग दीपगृहाचं दार कुरकुरवलं. होडीचं इंजिन सुरू करून बघितलं. आणि मान तिरकी करून, वरच्या पट्टीत, म्हणाला, “अहो!”

“ओऽ,” शेजारी उभे असलेले बत्तीवाले म्हणाले.

मी “सॉरी” म्हणालो. तो फारच लहान शब्द आहे असं लगेच वाटलं, पण बदलून द्यायला दुसरा नव्हता.

“तिला जाऊन दोन पावसाळे झाले,” ते म्हणाले. “तुमचं काय चुकलं? हाक आली तर माणूस आहे असंच वाटणार.”

“तिचा आवाज दुसरीकडे कुठे नाही?”

“मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ आहे. त्यात बँड वाजतोय. हिचे ओठ तेवढे हलतात.”

“फोनवर?”

“फोनवर ती कधी बोलायचीच नाही. ‘घ्या, तुमची लेक’ म्हणून माझ्या हातात द्यायची.”

मग त्यांनी मला त्यांचा सिद्धान्त सांगितला. नकल्या पूर्वी त्यांच्या शेळीचा आवाज काढायचा. शेळी मेली, तिच्या आवाजाकडे कुणी लक्ष देईना, तेव्हा त्याने तो आवाज सोडला. जुन्या जनरेटरचाही सोडला. “वापरात नाही ते ठेवत नाही तो. डोकं केवढंसं त्याचं, जागा कुठे असणार? म्हणून मी ओ देतो. ओ मिळतेय तोवर हाक ठेवील. नाही मिळाली तर टाकून देईल.”

यात शास्त्र किती आणि काळजी किती, हे मला ठरवता आलं नाही. “मुलीला माहीत आहे?” मी विचारलं.

“ती म्हणते, बाबा, तिथे तुमचं आहे कोण? आता काय सांगू, पक्षी आहे म्हणून? सरळ डॉक्टरकडे नेईल.”

फोनला रेंज फक्त दीपगृहाच्या माथ्यावर यायची. मी धापा टाकत वर गेलो आणि मॅडमना फोन लावला.

“एक अडचण आहे. इथे एक पक्षी बोलतो.”

“काय बोलतो?”

“अहो.”

“मला काय अहो म्हणताय? पक्षी काय बोलतो ते सांगा.”

“तेच. अहो.”

पलीकडे त्यांनी डोकं धरल्याचं मला ऐकू आलं. “कुणाला म्हणतो?”

“नवऱ्याला. पक्ष्याच्या नाही. म्हणजे... बाई वारल्या, त्यांच्या आवाजात म्हणतो. आणि नवरा ओ देतो.”

मॅडमनी विचार केला. त्या निर्णय घेण्यात वाकबगार आहेत. “पक्षी म्हणत असेल तर ‘अहो’ चालेल. तो निसर्ग झाला. ‘ओ’ कोणाची?”

“माणसाची.”

“मग ती नको. शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर आपल्याकडे तयार शांतता आहेच.”

खाली येऊन मी बत्तीवाल्यांना निर्णय सांगितला: वहिनी चालतील, तुम्ही चालणार नाही. त्यांनी तो शांतपणे ऐकला.

“एक तास ओ द्यायची नाही?” ते म्हणाले. “आणि तेवढ्यात त्याने सोडून दिली तर?”

“ही हाक माझ्याकडे टेप झाली आहे. तुम्हाला देतो. कायमची राहील.”

मी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा एकदा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं आणि हेडफोन उतरवून माझ्या हातात दिले.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण यात हाक कधी येणार ते मला ठाऊक असतं. ती अशी नव्हती. नेमका माझा हात कामात अडकला की मारायची.”

मला सुचलं ते मी बोलून गेलो. “पण एखाद्या दिवशी तुम्ही ओ दिली नाहीत, असं तेव्हाही झालंच असेल की.”

“रोज व्हायचं,” बत्तीवाले म्हणाले.

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी कोठीत बसून डबाबंद भाजी खाल्ली, केबलींच्या गुंडाळ्या केल्या, सोडल्या, परत केल्या. कोठीला चांगला घुमारा होता. एकदा सहज मी माझं स्वतःचं नाव मोठ्याने घेऊन पाहिलं. भिंतीने ते परत दिलं. बऱ्याच दिवसांनी ऐकलं म्हणून असेल, दुसऱ्याचं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बत्तीवाले दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात पंचा.

“चला,” ते म्हणाले. “नाहीतरी मी गेल्यावर ओ द्यायला कोण बसलंय इथे? टिकायची असली तर टिकेल. पण मी घरात थांबणार नाही, सवयीने तोंडातून जाईल. तुमच्या शेजारी बसतो.”

झाडीत आम्ही दोघं मांडी घालून बसलो. त्यांनी पंच्याची घडी तोंडाशी धरली. मी नोंद बोललो, “घरामागची झाडी. सकाळ. वारा पडलेला. माणूस...” आणि त्यांच्याकडे पाहून “नाही” म्हणालो. त्यांनी मान डोलावून संमती दिली.

शिंजीर. होले. सुतार. लाटांची गाज. हेडफोनमधून वाळक्या पानावर चालणारा किडासुद्धा ऐकू येत होता. शेजारी बत्तीवाल्यांचा श्वास तेवढा मला माइकपासून लांब ठेवायचा होता, आणि ते तो जवळजवळ घेतच नव्हते. तास सरत आला तरी नकल्या आला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं, की त्यांना हाक यायला हवी होती आणि यायला नको होती.

“अहो!”

 पंचा दाबला गेला.

“अहोऽऽ!”

काही नाही. होलेसुद्धा गप्प झाले. असली शांतता मी आयुष्यात टेप केलेली नव्हती. फांदीवर नकल्याने मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. घराकडे बघितलं. मग तिसरी हाक आली, आणि ती मी आधी कधी ऐकली नव्हती. तिला धार होती. स्वयंपाकघरात पदर खोचून उभ्या असलेल्या बाईचा अख्खा वैताग तिच्यात होता.

“अहो!!”

माझंच तोंड उघडलं होतं. मला ‘अहो’ असं कुणी कधी म्हटलेलं नाही, आमच्याकडे नावाने हाक मारायची पद्धत होती आणि पुढे तीही राहिली नाही. तरी ती ओ माझ्या ओठांपर्यंत आली होती.

“ओ! आलो, आलो!”

मी संतापून बत्तीवाल्यांकडे वळलो. आठवड्याभराचं काम त्यांनी पाण्यात घातलं होतं. पण त्यांच्या तोंडावर पंचा होता, दोन्ही हातांनी गच्च धरलेला, आणि त्यावरचे डोळे एवढाले झाले होते.

“आलो, आलो!” फांदीवरून नकल्या पुन्हा म्हणाला, पुरुषी, घोगऱ्या आवाजात. पंख झटकले आणि उडून गेला.

तास पुरा झाला. मी टेप थांबवली. बत्तीवाल्यांनी पंचा खाली घेतला.

“हा मी,” ते म्हणाले.

“हो.”

“पण आत्ताचा नाही. आत्ता मी किती गोड ओ देतो, ऐकलंत ना तुम्ही? ही तेव्हाची आहे. ‘आलो, आलो’ म्हणायचो आणि जायचो नाही. चहा गार व्हायचा.” ते फांदीकडे बघत राहिले. “दोन वर्षं आवाज मऊ करून गोड ओ देतोय मी, आणि या लेकाच्याने उचलली कोणती? ती!”

“त्याच्याकडे आधीपासूनच असेल. तुम्ही मध्ये बोलायचात, म्हणून त्याला पाळी मिळाली नसेल.”

त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. मग उठले, पंचा झटकला, खांद्यावर टाकला.

“म्हणजे दोघांचं बरं चाललंय की,” ते म्हणाले. “मध्ये मी कशाला?”

त्याच दुपारी त्यांनी दीपगृहाच्या माथ्यावर जाऊन मुलीला फोन केला. सामान फारसं नव्हतंच. एक पातेलं, एक ताट, एक वाटी, एक पेला. आम्ही एकाच होडीने निघालो. होडीवाल्याने माझ्या पेट्या चढवल्या, त्यांची ट्रंक चढवली. बत्तीवाल्यांचा एक पाय होडीत आणि एक धक्क्यावर होता, तेव्हा झाडीतून हाक आली.

“अहो!”

ते तसेच उभे राहिले. तोंड मिटलेलं. होडी हलत होती. मी त्यांचा दंड धरला.

“ओ! आलो, आलो!” झाडीतूनच उत्तर आलं.

होडीवाल्याने चमकून वर पाहिलं. “काका, वर कोणी राहिलंय का?”

“राहू दे,” बत्तीवाले म्हणाले, आणि दुसरा पाय आत घेतला.

मॅडमनी टेप शेवटपर्यंत ऐकली. हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. “ओ तर आहे.”

“ती पक्ष्याची आहे.”

“आणि ‘अहो’?”

“तीही पक्ष्याचीच.”

“एकच पक्षी?”

“एकच.”

“म्हणजे स्वतःच हाक मारतो आणि स्वतःच ओ देतो.”

“हो.”

“लोक काय म्हणतील हो? खुर्चीत शांत बसलेली माणसं उठून ‘आलो’ म्हणत बाहेर येतील.” त्यांनी टेप माझ्याकडे सरकवली. शांततेच्या दालनात संगणक विभागाची शांतता लागली. लोकांना ती फार आवडली असं ऐकतो. तिच्यात होले आहेत, आणि ते कुणी टोकल्याशिवाय बरोबर ठरल्या वेळी घुमतात.

माझा तास माझ्याकडेच राहिला. बत्तीवाल्यांना तो नको होता हे मला माहीत होतं. टेप परत मिळाली त्याच संध्याकाळी मी घरातले मोठे स्पीकर पुसून तो लावला. हेडफोन नको वाटले. खोलीत शिंजीर चिवचिवला, होले घुमायला लागले, लाटांची गाज फ्रिजच्या घरघरीवर चढली आणि फ्रिज ऐकू येईनासा झाला. संपला की मी तो पुन्हा लावायचो. तासाच्या शेवटी हाका येतात हे ठाऊक असूनही प्रत्येक वेळी माझी मान वर व्हायची. टेपमध्ये हाक कधी येणार ते माहीत असतं, ही बत्तीवाल्यांची तक्रार बरोबर होती. पण ज्याला मुळात हाकच येत नाही त्याने फार चोखंदळ असू नये.

बेल वाजली. दारात शेजारीणबाई होत्या आणि त्यांची मान माझ्या खांद्यावरून आत गेली होती.

“पाहुणे आलेत वाटतं? तासाभरापूर्वी बाईमाणसाचा आवाज आला. हाक मारत होत्या.”

“हो.”

“आणि ते ‘आलो, आलो’ करणारे तुम्ही?”

“नाही. त्यांचे मिस्टर.”

“अगंबाई, जोडीने आलेत! बरं झालं. घराला घरपण येतं हो. नाहीतर तुमच्याकडे नुसती सामसूम. राहणार आहेत ना चार दिवस?”

“आता आहेतच.”

आतून पुन्हा हाक आली. “अहोऽऽ!” मग थोडी शांतता, मग ती धारदार तिसरी. शेजारीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

“जा की आत. बोलावतायत ना.”

“मला नाही,” मी म्हणालो, आणि आतून कुणीतरी ‘आलो, आलो’ म्हणेपर्यंत आम्ही दोघंही दारातच थांबलो.